खटला कुठे चालावा, आणि किती वेळा?

6 जानेवारी 2022 च्या पहाटे सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधले टाकाऊ रसायन उघड्या नाल्यात सोडले जात होते. त्यातून उठलेल्या विषारी वायूने लगतच्या रंगाई-छपाईच्या गिरणीतले सहा कामगार दगावले आणि वीसहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. पोलिसांच्या तपासाचा धागा वडोदऱ्याहून पुढे महाराष्ट्रात, तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पोचला. दोषी कोण, हे न्यायालयांनी ठरवायचे आहे. पण अशा घटनेची नुसती मांडणी केली तरी फौजदारी कायद्यातले दोन जुने प्रश्न समोर येतात. माल निघाला रायगड जिल्ह्यातून, त्याची विल्हेवाट लावायचे ठरले तिसऱ्याच शहरात आणि माणसे मेली सुरतमध्ये. मग गुन्हा घडला कुठे? घातक कचरा बेकायदा बाहेर धाडल्याचा खटला एका राज्यात चालला आणि मृत्यूंचा दुसऱ्या राज्यात, तर तो एकाच कृत्याचा दोनदा निवाडा होईल का? वकिलांच्या पुस्तकांत हे प्रश्न दोन वेगळ्या प्रकरणांत येतात. पहिल्याला हद्दीचा प्रश्न म्हणतात, दुसऱ्याला दुबार खटल्याचा. अपिलात मात्र ते एकमेकांत गुंतलेले सापडतात, आणि ते वेगवेगळ्या मापांनी मोजल्यामुळेच आपल्याकडे अन्याय होतो, असे माझे म्हणणे आहे.

हद्द ही काय चीज आहे, हे सचिनइतके स्पष्ट थोड्याच ठिकाणी दिसते. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या गादीच्या भांडणातून 1791 मध्ये पेशव्यांशी तडजोड झाली. बाळूमियां सिद्दीने जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना दिला आणि त्या बदल्यात त्याला सुरतजवळचा मुलूख मिळाला. तेच सचिन संस्थान. त्याची गावे एकसंध नव्हती; ब्रिटिश सुरत जिल्हा आणि बडोद्याचा गायकवाडी मुलूख यांच्यात ती विखुरलेली होती. शेजारच्या गावात पाऊल टाकले की राज्य बदलले, असा तो प्रदेश. 1948 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1 मे 1960 पासून ते गुजरातेत आहे. आज तळोजा आणि सचिन यांच्यामध्ये जी रेघ आहे ती दोन सार्वभौम सत्तांमधली नाही. दोन्हीकडे दंडविधान एकच, प्रक्रियेची संहिता एकच आणि शेवटचे अपील ऐकणारे न्यायालयही एकच. अमेरिकेत दोन राज्ये ही दोन स्वतंत्र सार्वभौम मानली जातात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 च्या हीथ विरुद्ध अलाबामा खटल्यात एकाच खुनासाठी दोन राज्यांनी स्वतंत्र खटले चालवणे मान्य केले. आपल्याकडे हा मार्ग मुळातच बंद आहे, आणि तो बंद आहे हे गृहीत धरूनच पुढचा विचार करायला हवा.

हद्दीबाबत आपला कायदा उदार आहे. गुन्हा जिथे घडला तिथल्या न्यायालयात खटला चालावा हा मूळ नियम, पण त्याला मोकळ्या वाटा पुष्कळ आहेत. कृत्य एका ठिकाणी आणि त्याचा परिणाम दुसऱ्या ठिकाणी असेल, तर दोन्हीपैकी कोणतेही न्यायालय चालते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे हे कलम 179, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 199. ही लवचिकता किती दूर जाऊ शकते ते 1957 च्या मुबारक अली अहमद विरुद्ध मुंबई राज्य या निकालात दिसते. तांदळाच्या सौद्यात गोव्यातल्या एका व्यापाऱ्याची फसवणूक झाली होती. पैसे मुंबईत दिले गेले, आरोपी सगळा वेळ कराचीत होता आणि गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. आरोपी परदेशी, गुन्ह्याच्या वेळी त्याचा देहही भारतात नव्हता, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. फसवणुकीचे घटक मुंबईत पूर्ण झाले, म्हणून गुन्हा मुंबईत झाला. टेलिफोन आणि तारांच्या जमान्यातला हा निकाल आजच्या ऑनलाइन फसवणुकीलाही सहज लागू पडतो.

याच उदारतेचा दुसरा आधार कलम 462 मध्ये, म्हणजे नव्या संहितेच्या कलम 508 मध्ये आहे. चुकीच्या जिल्ह्यात किंवा चुकीच्या सत्र विभागात खटला चालला एवढ्याच कारणाने निकाल रद्द होत नाही. त्या चुकीमुळे प्रत्यक्षात न्यायाची हानी झाली असेल तरच होतो. अपिलात वकील हद्दीचा मुद्दा जोरात मांडतो तेव्हा न्यायाधीश विचारतात, तुमच्या अशिलाचे नेमके काय बिघडले? साक्षीदार आणता आले नाहीत का, बचाव मांडता आला नाही का? बहुधा याला पटणारे उत्तर नसते आणि मुद्दा तिथेच संपतो. मला ही कसोटी योग्य वाटते. चार वर्षे चाललेला खटला, उलटतपासणी झालेले वीस साक्षीदार, हे सगळे केवळ नकाशावरच्या रेघेसाठी पुसून टाकणे कुणाच्याच हिताचे नाही. ज्याला हद्दीची खरी अडचण आहे त्याने ती दोषारोप ठेवण्याआधीच मांडावी आणि न्यायालयाने ती तेव्हाच निकालात काढावी.

मात्र ही कसोटी वास्तवाला धरून आहे म्हणून हद्दीचा प्रश्न किरकोळ ठरत नाही. सुरतच्या रिंग रोडवरच्या कापडबाजारातला व्यापारी जळगावच्या दुकानदाराला साड्या उधारीवर देतो आणि दुकानदाराचा चेक परत येतो. फिर्याद कुठे करायची? दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात 1 ऑगस्ट 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्या बँकेवर चेक काढला त्या बँकेच्या गावी, म्हणजे या उदाहरणात जळगावला. ज्या खटल्यांत पुराव्याची पायरी आली नव्हती अशा हजारो फिर्यादी परत केल्या गेल्या. 2015 मध्येच संसदेने कायदा बदलला. आता पैसे घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तिथे, म्हणजे सुरतलाच, फिर्याद होते. या एका बदलाने उधना-जळगाव लोहमार्गावरून तारखांसाठी येरझाऱ्या घालणारा माणूस बदलला. आधी व्यापारी जात होता, आता दुकानदार येतो. दुसरे उदाहरण याहून जिव्हाळ्याचे आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा, सचिन या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि धुळे-नंदुरबारच्या लेकी तिकडे दिलेल्या असतात. सासरच्या छळाला कंटाळून माहेरी परतलेल्या बाईने फिर्याद सुरतलाच जाऊन करावी, असे काही न्यायालये म्हणत. रूपाली देवी विरुद्ध उत्तर प्रदेश या खटल्यात 9 एप्रिल 2019 रोजी त्रिसदस्य पीठाने ते मोडून काढले. छळाची मानसिक वेदना माहेरीही तिच्या सोबत असते, म्हणून ती जिथे आसऱ्याला आली तिथेही खटला चालतो. हद्द ठरवणे म्हणजे प्रवासाचा, रजेचा, बुडालेल्या रोजगाराचा भार कुणी उचलायचा ते ठरवणे. म्हणूनच हा प्रश्न अपिलापर्यंत लोंबकळत ठेवू नये.

आता दुबार खटल्याकडे वळू. हद्दीच्या बाबतीत वास्तव पाहणारा आपला कायदा इथे एकदम शब्दांना चिकटून बसतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20 खंड 2 प्रमाणे एकाच अपराधासाठी कुणावर एकापेक्षा जास्त वेळा खटला भरून शिक्षा करता येत नाही. त्यातला 'खटला' म्हणजे न्यायालयासमोरचाच, हे 1953 च्या मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य या निकालाने पक्के केले. सांताक्रूझ विमानतळावर कस्टमवाल्यांनी त्याचे सोने जप्त केले आणि नंतर परकीय चलनाच्या कायद्याखाली खटला भरला. जप्ती हा न्यायालयाचा निवाडा नव्हे, म्हणून दुसरा खटला चालू शकतो, असे ठरले. मग 1960 च्या डिसेंबरात एस. एल. आपटे यांच्या खटल्यात घटकांची कसोटी आली. एकाच विमा कंपनीच्या एकाच पैशाबाबत दंड संहितेखालचा विश्वासघात आणि विमा कायद्याखालचा अपराध यांचे घटक वेगवेगळे आहेत, म्हणून ते दोन अपराध आणि दोन्हीची शिक्षा वैध. तेव्हापासून वकिलांना एक सोपी युक्ती मिळाली आहे. दोन कलमे शेजारी ठेवायची आणि एकात असलेला घटक दुसऱ्यात नाही एवढे दाखवायचे. माणूस एकच, दिवस एकच, कृत्य एकच, साक्षीदारही तेच, यातल्या कशानेही त्याचा बचाव होत नाही.

पहिले न्यायालय मुळात सक्षम होते का, हा या प्रश्नाचा आणखी एक कप्पा. मुंबईहून प्रिव्ही कौन्सिलकडे गेलेल्या युसुफअली मुल्ला प्रकरणात 1949 मध्ये असे ठरले, की खटला भरायची आवश्यक मंजुरीच वैध नसेल तर न्यायालय सक्षम नसते, आरोपी धोक्यात आलाच नव्हता आणि खटला पुन्हा चालवता येतो. सक्षमता आणि हद्द यांतला फरक इथे नीट धरून ठेवला पाहिजे. सक्षमता नसेल तर खटलाच नाही. हद्द चुकली तर मात्र कलम 462 मुळे निकाल टिकतो. मग निर्दोष सुटकेचा निकालही टिकलाच पाहिजे, हे तर्कानेच येते. सुरतऐवजी नवसारीत चाललेल्या खटल्यात कुणी सुटला, तर 'हद्द चुकली होती' म्हणून सरकारला दुसरी संधी मिळता कामा नये. जी चूक आरोपीची शिक्षा पुसायला पुरत नाही, ती त्याची सुटका पुसायलाही पुरू नये.

अमेरिकेत उलट चित्र आहे, आणि तुलना बोधक आहे. अलाबामात राहणाऱ्या टिमोथी स्मिथ नावाच्या माणसाने फ्लोरिडातल्या एका कंपनीच्या संकेतस्थळावरून समुद्रातल्या कृत्रिम प्रवाळखडकांची ठिकाणे मिळवली. व्यापारी गुपिताच्या चोरीचा खटला उत्तर फ्लोरिडात चालला. सर्व्हर मात्र ऑर्लँडोला, दुसऱ्याच न्यायिक जिल्ह्यात होते. अपिलात हद्द चुकल्याचे मान्य होऊन ती शिक्षा रद्द झाली. मग प्रश्न आला, की आता योग्य ठिकाणी पुन्हा खटला भरता येईल का? 15 जून 2023 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हो म्हटले. चुकीच्या हद्दीमुळे रद्द झालेली शिक्षा म्हणजे निर्दोषत्वाचा निवाडा नव्हे. तिथे हद्द संविधानातच लिहिलेली असल्याने ती चूक शिक्षा उलथवते, पण दुसऱ्या खटल्याला अडवत नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिली पायरीच येत नाही. आरोपीला दोनदा त्याच पिंजऱ्यात उभे करण्यापेक्षा एकाच खटल्यात न्यायाची हानी झाली का ते तपासणे मला अधिक माणुसकीचे वाटते.

पण फेरखटला आपल्याकडेही होतो, आणि हद्द व दुबार खटला हे दोन्ही प्रश्न एकत्र येण्याचे सर्वांत ठळक उदाहरण गुजरात-महाराष्ट्राच्या दरम्यानच घडले. 1 मार्च 2002 च्या वडोदऱ्यातल्या बेस्ट बेकरी हत्याकांडात चौदा जण मारले गेले. 27 जून 2003 रोजी जलदगती न्यायालयाने सर्व 21 आरोपींना सोडले आणि गुजरात उच्च न्यायालयाने ते कायम केले. 12 एप्रिल 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून फेरखटला महाराष्ट्रात चालवायचा आदेश दिला. मुंबईच्या विशेष न्यायालयाने फेब्रुवारी 2006 मध्ये नऊ जणांना दोषी ठरवले. 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांतल्या पाच जणांना सोडले आणि चौघांची शिक्षा कायम ठेवली. आक्षेप असा घेतला जातो, की सुटलेल्या माणसाला दुसऱ्या राज्यात नेऊन पुन्हा उभे करणे हाच दुबार खटला. हा आक्षेप हलका नाही. पण अपील हे मूळ खटल्याचेच पुढचे पाऊल असते, आणि अपील न्यायालयाला फेरखटल्याचा अधिकार संहितेनेच दिलेला आहे. साक्षीदार भीतीने फिरले, सरकारी पक्षाने खटला मनापासून चालवलाच नाही, तर खरा खटला झालाच नव्हता. तो अधिकार बेफाम होऊ नये याची मर्यादाही आपल्याच न्यायालयांनी चार दशके आधी आखून दिली होती. दारूबंदी कायद्याखालच्या उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खानदेशातल्या खटल्यात 1963 मध्ये घटनापीठाने म्हटले, की सरकारी पक्षाला पुराव्यातली भोके बुजवता यावीत म्हणून फेरखटला देता येणार नाही. पहिला खटला खऱ्या अर्थाने झालाच नसेल तरच तो द्यावा, एरवी अपिलातच जादा पुरावा घ्यावा. बेस्ट बेकरीच्या वेळी ही मर्यादा पाळली गेली असे मी मानतो, आणि जागाही बदलली ती त्याच कारणाने, कारण फेरखटला वडोदऱ्यातच ठेवला असता तर भीतीही तिथेच राहिली असती.

खटल्याची जागा निकालानंतरही पाठ सोडत नाही. बिल्कीस बानो प्रकरणाची सुनावणी 2004 मध्ये अहमदाबादहून मुंबईला हलवली आणि 2008 मध्ये शिक्षा मुंबईत झाली. ऑगस्ट 2022 मध्ये गुजरात सरकारने अकरा कैद्यांना शिक्षेत सूट देऊन सोडले. 8 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली, कारण शिक्षा जिथे सुनावली गेली त्या राज्याचे सरकारच सूट देऊ शकते, म्हणजे महाराष्ट्राचे. गुन्हा कुठे घडला याला इथे महत्त्व उरले नाही. खटला कुठल्या राज्यात चालला यावर पुढे कोणते सरकार बोलू शकते हे ठरते, ही गोष्ट आता पक्की झाली आहे, आणि ती मला पुढच्या युक्तिवादासाठी हवी आहे.

परत त्या चेककडे येऊ. सुरतच्या व्यापाऱ्याने चेकचा खटला चालवला, आणि शिवाय फसवणुकीचा गुन्हाही नोंदवला. दोन्ही चालतील का? 2011 मध्ये कोल्ला वीरा राघव राव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की संहितेचे कलम 300 हे राज्यघटनेपेक्षा रुंद आहे, त्यात 'त्याच वस्तुस्थितीवर' अशी शब्दयोजना आहे, म्हणून दुसरा खटला नाही. लगेच 2012 मध्ये गुजरातच्याच संगीताबेन महेंद्रभाई पटेल यांच्या खटल्यात दुसरे पीठ म्हणाले, की फसवणुकीला सुरुवातीपासूनचा कपटी हेतू लागतो, चेकच्या गुन्ह्याला लागत नाही. घटक वेगळे, म्हणून दुसरा खटला चालेल. 2022 मध्ये हा विरोध मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. दरम्यान दोन्ही निकाल पुस्तकात आहेत आणि खालचे न्यायालय आपल्याला पटेल तो उचलते. माझ्या मते दोन्ही पीठांनी कलम 300 चे दुसरे उपकलम, नव्या संहितेतले 337 चे दुसरे, पुरेसे वाचले नाही. ते म्हणते, की एकाच व्यवहारात घडलेल्या वेगळ्या अपराधासाठी पुन्हा खटला चालवता येतो, पण राज्य सरकारच्या संमतीने. संसदेने दार बंद केले नाही आणि उघडेही टाकले नाही; दारावर माणूस बसवला. घटकांच्या कसोटीने तो माणूस उठवून लावला आहे. घटक वेगळे आहेत एवढे सिद्ध झाले, की संमती विचारायची गरजच कुणाला वाटत नाही.

याला मिळणारी उत्तरे मला ठाऊक आहेत. एक असे, की एवढे कडक वाचले तर किरकोळ गुन्ह्यात दंड भरून मोठा गुन्हेगार सुटेल. संहितेनेच त्याची सोय केली आहे. बेफिकिरीने गाडी चालवल्याबद्दल दंड झाला आणि जखमी माणूस नंतर दगावला, तर तिसऱ्या उपकलमाखाली मृत्यूचा खटला चालतो. पहिले न्यायालय मोठा गुन्हा चालवायला सक्षमच नसेल तर चौथे उपकलम आहे. दुसरे उत्तर असे, की संमती सरकारच्या हाती देणे म्हणजे राजकारणाच्या हाती देणे. ही भीती खरी आहे, पण लेखी आणि सकारण संमतीला उच्च न्यायालयात आव्हान देता येते. आजच्या व्यवस्थेत तर दुसरा खटला का, याचे कारण कुणालाच द्यावे लागत नाही. तिसरे उत्तर पीडितांच्या बाजूचे आहे आणि मला ते सगळ्यांत जड वाटते. गरीब कामगाराच्या विधवेने एका राज्यातल्या ढिल्या खटल्यावर का समाधान मानावे? पण ढिल्या खटल्यावरचा इलाज अपील आणि, उखा कोल्हेच्या मर्यादेत, फेरखटला हा आहे. शेजारच्या जिल्ह्यात दुसऱ्या कलमाची नवी फिर्याद हा इलाज पैसेवाल्या फिर्यादीच्या सोयीचा आहे. विधवेकडे दोन शहरांतले दोन वकील लावायला पैसे नसतात.

म्हणून मोठ्या पीठापुढचा प्रश्न चेकपुरता राहू नये. दोन राज्यांत एकाच गुन्ह्याची दखल घेतली गेली तर, जिथे आधी कार्यवाही सुरू झाली त्या उच्च न्यायालयाने ठिकाण ठरवावे आणि दुसरीकडची कार्यवाही थांबावी, अशी तरतूद कलम 186 मध्ये, आता 206 मध्ये, आहेच. ती एकाच गुन्ह्यापुरती आहे. एकाच व्यवहारातल्या वेगळ्या गुन्ह्यांनाही ती लागू केली, तर तळोज्याहून निघालेल्या टँकरसारख्या प्रकरणात सगळे आरोप सुरुवातीलाच एका ठिकाणी येतील. आणि पहिला खटला एका राज्यात संपल्यावर दुसरा दुसऱ्या राज्यात भरायचा झाला, तर संमती कोणत्या राज्य सरकारची, याचे उत्तर कलमाच्या शब्दांत नाही. बिल्कीस बानो निकालाचे तत्त्व लावले तर ज्या राज्यात पहिला निवाडा झाला त्या सरकारकडे बोट जाते. दुसरा खटला चालवणारे राज्य म्हणेल, की आमच्या हद्दीतल्या मृत्यूंबाबत आम्हीच बोलू. मला पहिले उत्तर बरोबर वाटते, कारण पहिल्या निवाड्याची नोंद, साक्षी आणि त्यातल्या उणिवा त्याच सरकारला ठाऊक असतात. पीठाने दुसरे उत्तर दिले तरी चालेल, पण संमतीची पायरी सक्तीची आहे एवढे त्याने स्पष्ट म्हटले, तर आपटे प्रकरणापासून साठ वर्षे नुसत्या घटकांवर चाललेला हिशेब पुन्हा संहितेच्या शब्दांवर येईल.